विटेला लेखी आधार

पडद्यावर शून्य उमटलं तेव्हा सुनिताच्या हातात अर्धं बिस्किट होतं. 'येथे खाणे-पिणे मना आहे' या पाटीखाली बसूनच ती ते खात होती. ग्रंथपाल मीनल स्वतःचा चहाचा थर्मास त्याच पाटीखाली ठेवते, आणि सहा वर्षं अतिथी व्याख्याता म्हणून काढलेल्या बाईला एवढं कळतंच की नियमापेक्षा नियमाच्या मालकिणीशी जमवून घेतलेलं बरं. शून्याच्या खाली बारीक अक्षरांत सल्ला होता: शब्द तपासून पाहा, कमी शब्द वापरून पाहा. सकाळी साडेदहापासून हा सल्ला तिला अकराव्यांदा मिळत होता. सुनिता मोजते. तिला सवयच आहे. गाईड विजयकुमार सरांनी तिच्या प्रबंधाच्या मसुद्यावर एकंदर दोनशे सहा लाल रेघा मारल्या, आणि त्यांतल्या वाचून मारलेल्या साधारण चाळीस असाव्यात, कारण बाकीच्या प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे सरांचा अंगठा पोचतो, तिथेच होत्या. पण चौथ्या प्रकरणावरची रेघ वाचून मारलेली होती. रेघेच्या शेजारी लिहिलं होतं: 'लोककथा वाटते. लेखी आधार द्या, नाहीतर प्रकरण वगळा.' अंतिम मसुदा उद्या अकरा वाजता द्यायचा. आणि ज्या परदेशी डेटाबेसमध्ये असा आधार असला तर असेल, त्याची कॉलेजला मिळालेली एक महिन्याची फुकट मुदत आज पाच वाजता संपणार. आत्ता दीड वाजला होता. कूलर गडगडत होता, त्याच्या वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा फक्त मीनलच्या टेबलापर्यंत पोचत होती, आणि सुनिताला घाम आलेला असूनही, लाज वाटावी इतकी मजा येत होती.

हे तिचं तिलाच नवं होतं. प्रबंध म्हणजे गेली सहा वर्षं घरातला एक आजारी माणूस होता. त्याची चौकशी करायची, त्याच्यासाठी रजा काढायची, त्याच्याबद्दल नणंदांनी विचारलं की 'चाललंय' म्हणायचं. पण आज सकाळी मीनलनं साध्या शोधाच्या पट्टीखालचा 'अ‍ॅडव्हान्स्ड सर्च' हा एवढासा दुवा दाबून दाखवला आणि एका पट्टीच्या पाच पट्ट्या झाल्या, प्रत्येकीच्या बाजूला खालती उघडणारा कप्पा: शीर्षकात शोधा, लेखकात शोधा, गोषवाऱ्यात, विषयात, संपूर्ण मजकुरात. "मॅडम, आप तो अब तक दरवाजे के बाहर खडे होके आवाज दे रहे थे," मीनल म्हणाली, आणि मग, खोलीत दुसरं कुणी नाही हे पाहून, मराठीवर आली. "आता घरात शिरा. कोणत्या खोलीत बघायचं ते सांगा याला." मीनल बोरसीची, भिलाईला लागून असलेल्या दुर्ग शहरातल्या तीन पिढ्यांच्या मराठी घराची. वर्षभर दोघी एकमेकींशी हिंदीत बोलल्या आणि एकदा मीनल फोनवर आईला 'भाजी फोडणीला टाकून राहिली का' म्हणताना सापडली, तेव्हापासून रिकाम्या खोलीत मराठी. त्यातही मीनलची मराठी पाहुण्यांसमोर नीट बसते आणि सुनिताची खाटेवर पाय वर घेऊन, हा फरक दोघींनाही माहीत आहे आणि दोघीही त्याच्यावरून अलगद उडी मारून जातात. प्रबंध हिंदीत, शोध इंग्रजीत आणि जे शोधायचं ते मराठीत घडलेलं, अशी सगळी गंमत.

घडलेलं असं. सुनिताच्या लहानपणी, भिलाईच्या कैंप-1 या कामगार वस्तीतल्या तिच्या गल्लीत बावीस घरं होती, आणि बहुतेक घरांतला माणूस पोलादाच्या कारखान्यात शिफ्टवर. नाईट करून आलेला माणूस दिवसा झोपणार, आणि गल्ली म्हणजे पोरं, भाजीवाले, नळावरची भांडणं, सायकलच्या घंटा. म्हणून बायकांनी एक रीत पाडली होती. ज्या घरात नाईटचा माणूस झोपलाय त्याच्या उंबऱ्यावर एक वीट आडवी ठेवायची. वीट दिसली की त्या दाराशी कुणी हाक मारायची नाही, कडी वाजवायची नाही, भाजीवाल्यानंही तोंड मिटून पुढं जायचं, आणि त्या घरातली पोरं शेजारणीनं न सांगता आपल्याकडं घेऊन जायची. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कागदावर काही नाही. सुनितानं आपल्या आईला विचारून, शेजारच्या सिंधुताईंना विचारून, चाळीस पानांचं प्रकरण लिहिलं होतं आणि त्याचं पहिलं वाक्य तिला इतकं आवडत असे की ती ते बसमध्येसुद्धा मनात म्हणून बघायची: 'पोलाद पुरुषांनी घडवले, त्या पुरुषांची झोप स्त्रियांनी राखली.' तिच्या बापाला, देवाजींना, हे वाक्य तिनं वाचून दाखवलं होतं. देवाजी निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तेव्हापासून ते जे भेटेल त्याला सांगतात, "माझ्या झोपेवर पोरगी डॉक्टर होऊन राहिली." आई, रुक्मा, तेव्हा लसूण सोलत होती. ती काही बोलली नव्हती. ती कौतुकाच्या वेळी बोलत नाहीच, असं सुनितानं तेव्हा खात्यावर टाकलं होतं.

तर आता शोध. पहिल्या पट्टीत 'ब्रिक' टाकलं तर चोवीस हजार निघाले. वीटभट्ट्या, वीटभट्टीवरची पोरं, विटांची ताकद, विटेतलं पाणी. मीनल खुर्ची ओढून शेजारी बसली. "नॉट वापरा ना. भट्टी नको म्हणून सांगा." दुसऱ्या पट्टीच्या कप्प्यात 'नॉट', पुढं 'किल्न', आणि चोवीस हजारांतून नऊ हजार भट्ट्या एका टिचकीसरशी नाहीशा झाल्या. सुनिताला हसू आलं. आयुष्यात इतक्या सहज 'हे नको' म्हणता आलं नव्हतं. मग 'अ‍ॅण्ड शिफ्ट', शब्दाच्या शेवटी ताऱ्याची खूण, म्हणजे शिफ्ट, शिफ्ट्स, शिफ्टिंग सगळं येईल. मग 'स्लीप ऑर रेस्ट' कंसात. मग मीनलनं तिची खास गोष्ट काढली, घरातला जुना दागिना दाखवावा तशी. 'निअर' म्हणायचं आणि पुढं आकडा घालायचा: वीट आणि दार हे शब्द एकमेकांपासून दहा शब्दांच्या आत असतील तरच दाखव. सुनिता त्या आकड्याकडं बघत राहिली. कुणीतरी कुठंतरी बसून एवढा विचार केला होता की दोन शब्द एकाच पुस्तकात असणं वेगळं आणि शेजारी राहणं वेगळं. हे तर गल्लीचंच शास्त्र झालं. एका शहरात राहून काय होतं, कडी ऐकू येईल इतक्या अंतरावर असावं लागतं. तिनं दहाचे पंधरा केले, पंधराचे पाच केले, संपूर्ण मजकुरात बघितलं, गोषवाऱ्यात बघितलं. डाव्या बाजूला तिच्या शोधांची यादी एकाखाली एक साठत गेली, एक नंबर, दोन नंबर, आणि मीनल म्हणाली की तीन नंबर आणि सात नंबर जोडूनही शोधता येतं, तेव्हा तिनं तेही केलं. शून्य. शून्य. एकदा दोन आले. एकात बस्तरच्या घरांचे उंबरे होते आणि दुसऱ्यात रायपुरातल्या नव्या फ्लॅटांमधली निद्रानाशाची पाहणी. "नसेल ताई," मीनल म्हणाली, "प्रत्येक गोष्ट कोणी लिहून थोडीच ठेवतं." आणि ती पुस्तकं परत घ्यायला काउंटरवर गेली.

सुनिता बसून राहिली. 'प्रत्येक गोष्ट कोणी लिहून थोडीच ठेवतं.' त्यांच्या घरात तर लिहिणारी तीच होती. बापाला सही यायची, पत्र लिहिता यायचं नाही. दर महिन्याला भंडाऱ्याकडच्या गावी आजोबांना पत्र जायचं आणि ती, चौथीतली, पाटावर पालथी पडून लिहायची. देवाजी सांगायचे तेही कारखान्यातल्या चार्जमनच्या, म्हणजे मुकादमाच्या, आवाजात: लिव, आमी सगळे खुशाल हाओत. लिव, इकडं काही कमी नाही. ती लिहायची आणि पुढचं वाक्य येईस्तोवर शाईच्या डागाचा हत्ती करायची. सगळ्यात आवडायचं ते शेवटी पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिणं, कारण ते न सांगता यायचं. देवाजी तोवर विडी पेटवायला उठलेले असायचे. कैंप-1, भिलाई. त्याखाली जिल्हा दुर्ग. त्याखाली, जागा उरली नसली तरी तिरकं करून, म.प्र. म नंतर टिंब, प्र नंतर टिंब. त्या दुसऱ्या टिंबावर ती पेन दाबून धरायची, शाई पसरेपर्यंत.

म.प्र.

बिस्किटाचा तुकडा तिच्या हातातून टेबलावर पडला. तिनं पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात पाहिलं. तिथं सकाळी साडेदहा वाजता, मोठ्या ऐटीत, स्थळाच्या कप्प्यात तिनं स्वतः निवडलं होतं: छत्तीसगढ. आणि तो कप्पा तेव्हापासून तसाच चिकटून होता. तिनं वरचे शब्द शंभर वेळा बदलले, पण प्रत्येक वेळी तो मुकाट्यानं दारात उभा राहून दोन हजार सालाच्या आधीचं सगळं परत पाठवत होता. छत्तीसगढ राज्य झालं तेव्हा मीनल दीड वर्षाची होती. तिला हे सुचण्याचं कारणच नव्हतं. पण सुनिता बावीस वर्षांची होती. बावीस वर्षं ज्या राज्यात काढली ते राज्य ती साफ विसरली होती, आणि का, तर कुणी घर हलवलं नव्हतं, नळ तोच, गल्ली तीच, फक्त पाटीवरचं नाव बदललं. कारखान्याचं पहिलं पोलाद, गल्लीतली पहिली वीट, तिचा स्वतःचा जन्म, सगळं मध्य प्रदेशातच झालेलं. तिनं छत्तीसगढवरची खूण काढली. मध्य प्रदेशवर केली. साल एकोणीसशे पंचावन्न ते दोन हजार. वीट निअर दहा, कंसात दार ऑर उंबरा. भिलाई, संपूर्ण मजकुरात. बटण दाबण्याआधी तिनं तळहात साडीला पुसला.

तीन.

तिसरा होता तो. गृहविज्ञानाचा पदव्युत्तर प्रबंध, इंग्रजीत टाइप केलेला, तिरका स्कॅन झालेला, एकोणीसशे ब्याऐंशीचा. कुमारी मिताली बर्वे नावाच्या मुलीनं लिहिलेला. विषय: शिफ्ट कामगारांच्या वस्तीतील गोंगाट आणि विश्रांती. गोंगाट! हा शब्द सुनिताला सुचलाच नव्हता. ती इतका वेळ शांततेला शोधत होती. "मीनल," तिनं हाक मारली, आणि हाक इतकी मोठी गेली की काउंटरवरची दोन पोरं वळून बघायला लागली. मीनल धावत आली. पान अठ्ठ्याऐंशीवर पिवळ्या रंगात ते शब्द उजळलेले होते, दहा शब्दांच्या आत, शेजारी शेजारी: वस्तीतील स्त्रिया दाराच्या उंबऱ्यावर वीट ठेवून निद्रिस्त कामगाराची सूचना देतात. "अरे बाप रे," मीनल म्हणाली, "ताई, पार्टी." तिनं थर्मासातला उरलेला चहा दोन झाकणांत ओतला आणि पाटीखालीच दोघी तो प्यायल्या. सुनितानं ते वाक्य चार वेळा वाचलं. मग सवयीनं पान उलटलं, कारण पुढं तक्ता होता, आणि तक्ता दिसला की तिला राहवत नाही.

कुमारी बर्वे चोख बाई होती. चौदा दिवस ती रोज दुपारी गल्लीत येऊन विटा मोजून गेली, आणि नुसत्या मोजून थांबली नाही. प्रत्येक घराच्या माणसाची त्या आठवड्याची शिफ्ट तिनं शेजारच्या रकान्यात मांडली. एकूण विटा एकसष्ट. त्यांतल्या त्रेचाळीस वेळा घरात नाईट करून आलेला माणूस झोपलेला होता. अठरा वेळा घरातला माणूस फर्स्ट शिफ्टला, म्हणजे कारखान्यात होता. खाली तारांकित टीप: 'या अठरा विटा प्रामुख्याने चार घरांच्या आहेत. कारण समजू शकले नाही. विचारता स्त्रिया हसल्या.'

सुनितानं चहाचं झाकण खाली ठेवलं. अठरा विटा, आणि आत झोपायला माणूस नाही. मग आत कोण? आणि तिच्या डोळ्यांसमोर ती दुपार आली जी तिला नेहमीच येते, प्रकरण लिहिताना तर दहादा आली होती: उन्हानं पांढरी झालेली गल्ली, आपल्या दारात आडवी वीट, आणि ती, चार-पाच वर्षांची, सिंधुताईंचा हात धरून त्यांच्या घरी चाललेली, मागं वळून बघत. भिंतीला काळा पट्टा होता, बापाच्या सायकलचं हँडल टेकून टेकून पडलेला. पट्टा दिसतो. सायकल दिसत नाही. चाळीस वर्षं ती ही दुपार डोक्यात घेऊन फिरली होती, तिच्यावर चाळीस पानं लिहिली होती, आणि सायकल नाही हे तिला रोज दिसत होतं. सायकल नाही म्हणजे बाप शिफ्टला गेलेला, आणि वीट दुसऱ्याच कुणाची झोप राखत होती. रुक्मा झोपली होती. दार लावून, पोरगी शेजारी देऊन, भरदुपारी, कुणाच्या बापाला न विचारता रुक्मा पाय पसरून झोपली होती. सुनिताला एकाच वेळी फसवल्यासारखं आणि कुणीतरी कडेवर उचलून घेतल्यासारखं झालं. पाठोपाठ दुसरा हिशोब आला, तो जरा थंड होता. विजयकुमार सरांना एक वाक्य हवंय आणि ते पान अठ्ठ्याऐंशीवर आहे. पुढचं पान सर उघडणार नाहीत. त्यांचा अंगठा तिथवर जात नाही. प्रकरण वाचलं, पहिलं वाक्य वाचलं, बापाची झोप वाचली, उद्या अकराला मसुदा दिला की झालं. तक्ता बघितलाच नाही असं म्हटलं तर विचारणारं कोण आहे. घड्याळात चार वाजत आले होते. तिनं फोन उचलला.

"माय, बाबा कुठं हाये?"

"हे काय, खाटेवर. पंख्याखाली. कावून?"

"तू जरा बाहेर ये न फोन घेऊन."

"बाहेर ऊन हाये बाई. बोल न इथंच, त्याले कुठं ऐकू येते."

"ये न माय."

चपला सरकल्याचा आवाज आला, मग दाराचा, मग गल्लीतली एक स्कूटर. "हं, बोल. पास झाली का?"

"माय, आपल्या दारात वीट राहे न. तवा बाबा दर टायमाले घरातच राहत का?"

रुक्माचा आवाज एकदम खालच्या पट्टीत गेला. "कोनं सांगितलं तुले? सिंधूनं?"

"सिंधुताईनं नाही. पुस्तकात हाये. एक पोरगी येत होती म्हणे, ब्याऐंशीत. मोजून लिहीत राहे."

"ते सर्वेवाली. चष्मेवाली." रुक्माला लगेच आठवली. "तिले मी पानी देलं होतं. माठातलं. पानी पिऊन आमचंच काढून राहिली का वो?"

"तिले समजलं नाही काही. तसंच लिहिलं तिनं, की समजलं नाही. इचारलं तर बाया हासल्या म्हणते."

"मंग हासू नाही तं काय करू? फर्स्टवाला मानूस पाचले उठे, मी चारले उठो. दुपारी डोळा लागला की कोनी न कोनी कडी वाजवे. तुई आजी आली तं तिले बायको झोपलेली दिसली की झालंच. सिंधूनं पयल्यांदा वीट ठेवली. कोनी आलंच नाही. मंग आमी पाळ्या लावल्या. एकीनं झोपाचं, एकीनं पोरं धराचे. सगळ्याइनं एकदम ठेवली असती तं पकडल्या गेलो असतो." तिनं आवाज आणखी खाली आणला. "बाबाले नोको सांगू. तो साऱ्या कैंपात सांगून आला त्याच्या झोपेचं."

"माय, पण मले हे लिहा लागते. नाही लिहिलं तं ते प्रकरण खोटं होते."

"आन् लिवलं तं?"

"लिहिलं तं पहिलं वाक्य बदला लागते."

रुक्मानं ते बाजूला ठेवलं. मागं कुणीतरी मुलाला ओरडत होतं. "काय लिवलं तिनं, ते चष्मेवालीनं? किती घरं म्हणते?"

"चार."

"चार?" आता आवाज एकदम वर गेला, बाप खाटेवर आहे हे विसरून. "चार कशे? सात होतो आमी. चौदा दिवस आली आन् सात बाया मोजता नाही आल्या तिले. चार खोडून सात कर."

"तिच्या पुस्तकात नाही खोडता येत माय. आपल्यात खाली लिहिता येते. की ती चार म्हणते आणि अमुक बाई सात म्हणते. पण मंग तुझं नाव द्या लागते."

"मंग दे." हे तिनं जराही न थांबता म्हटलं. "माझं दे. बाकी सहाजणींचं त्याइले इचारल्याबिगर नोको देऊ. दोघी तं गेल्या, त्याइच्या सुनाइले इचारा लागंल. आन् तुया बाबाले मीच सांगतो, आज चहाच्या टायमाले. तू नोको बोलू मधात."

फोन बंद झाल्यावर मीनल, जी इतका वेळ पुस्तकांवर शिक्के मारत असल्याचं दाखवत होती, म्हणाली, "ताई, सव्वाचार झाले, पाचला बंद होईल. जे उतरवायचं ते उतरवून घ्या." सुनितानं पान अठ्ठ्याऐंशी उतरवलं आणि त्याच्या पुढचं पानही. मग चौथं प्रकरण उघडलं, ते आवडतं वाक्य एकदा शेवटचं मनात म्हणून घेतलं आणि अख्खं काढून टाकलं. त्या जागी काय येईल ते तिला अजून माहीत नव्हतं. रात्रीत चाळीस पानं उलटी करायची होती, आणि तिचे हात इतके शिवशिवत होते की तिला वाटलं, होतील. त्याआधी टीप. टिपेला नियम असतो: आधी लेखी स्रोत, नाव, साल, पान, मग तोंडी, नाव, ठिकाण, तारीख, वेळ. तिनं नियमानं लिहिलं. बर्वे, मिताली, १९८२, पृ. ८९: चार घरे. ही संख्या चुकीची आहे. घरे सात होती. रुक्मा देवाजी रामटेके, कैंप-1, भिलाई, दूरध्वनीवर, आज दुपारी चार वाजता. त्या सातांपैकी एक.